परातीतली सिलिका आणि मावशीची सुरंगी

आमच्या हायस्कूलातल्या विज्ञानाच्या सरांनी मला पदार्थाच्या तीन अवस्था शिकवल्या. स्थायू, द्रव आणि वायू. ‘वायू’ म्हणताना ते नाकातून ‘सूंऽऽ’ असा एक आवाज काढायचे. तो आवाज मी मधल्या सुट्टीत पोरांना काढून दाखवत होतो आणि सर नेमके मागे उभे. मग चौथी अवस्थाही शिकलो, वर्गाबाहेरची. आणखी एखादी असेल असं बीएस्सी होईपर्यंत मला वाटलं नव्हतं. कॉलेजच्या पुस्तकात तसा एक आलेख होता, पण त्याच्यावर वरच्या वर्गातल्या कुणीतरी पेन्सिलने ‘येत नाही’ असं लिहून ठेवलेलं. म्हणजे परीक्षेला. मी ती सूचना पाळली.

त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी मला मशीनच्या त्या बोटभर रुंद जाड काचेच्या खिडकीसमोर बसवलं आणि विचारलं, “काय दिसतंय?” तेव्हा मी सरळ सांगितलं, “खाली पाणी, वर हवा.”

“पाणी नाही. कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीतला गॅस. दाब देऊन त्याचं द्रव केलंय. वर त्याचीच वाफ आहे. आता मधल्या रेषेकडे बघ. पापणी नको हलवू.”

त्यांनी गरम पाण्याचं बटण फिरवलं. आकडा हळूहळू चढला. एकोणतीस, तीस. खालच्या द्रवाची वरची कड, जी इतका वेळ पेल्यातल्या पाण्यासारखी स्पष्ट होती, ती थरथरायला लागली. एकतीसच्या आसपास ती पातळ झाली, वाळूत ओलाव्याची रेघ विरते तशी विरली आणि गेली. उकळी नाही, बुडबुडा नाही. खिडकीत सगळीकडे एकच काहीतरी होतं.

“गेली खंय?” माझ्या तोंडातून मालवणीच निघालं.

“कुठंच नाही. आता आत द्रव आणि वायू असा फरकच उरला नाही. हवेसारखं बारीकशा फटीतसुद्धा शिरतं आणि द्रवासारखं विरघळवूनही घेतं.”

“म्हणजे दोघांची नक्कल करतंय.”

मॅडम हसल्या. मी पुन्हा थंड करून बघायला मागितलं. आकडा उतरला तशी खिडकी एकदम गढूळ तांबूस झाली, धुकं आलं, आत बारीक पाऊस पडल्यासारखं झालं आणि रेषा पुन्हा हजर. मी ते सहा वेळा केलं. सातव्या वेळी मॅडम म्हणाल्या, “पुरे. तो सिलिंडर कोल्हापूरहून येतो.”

आमचं युनिट म्हणजे कसालवरून मालवणकडे येणाऱ्या रस्त्यावरचं एक जुनं गोडाऊन. आधी तिथं आंब्याच्या पेट्या ठेवायचे. अजूनही भिंतीला नाक लावलं तर गवताचा आणि हापूसचा वास येतो. मॅडमचं आजोळ इकडचं, शिक्षण आणि नोकरी पुण्याला. ती सोडून इथं त्यांनी हे मशीन बसवलं. मिरी, जायफळ, तिरफळं अशा वस्तूंतून तेल काढायचं. माणसं आम्ही तीनच. मॅडम, मी आणि तांडेल. तांडेल हे त्यांचं नाव नाही. चाळीस वर्षं ते समुद्रात होते, त्यातली वीस स्वतः होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. गुडघे गेले म्हणून किनाऱ्यावर आले. पंप, व्हॉल्व्ह, दाब सगळं त्यांच्याकडे. मीटर बघायच्या आधी ते पंपाचा आवाज ऐकायचे.

“आयक. कसो बोलता? पोटात दुखता त्येच्या. वायसर गेलो आसतलो.”

उघडून बघितलं की खरंच वॉशर गेलेला असायचा. मी त्या पंपाचे चार-पाच आवाज शिकलो. बरा पंप, खोकणारा पंप, रुसलेला पंप. एकदा तांडेल चहा पीत असताना मी भिंतीआडून खोकणारा पंप काढला. ते कप टाकून धावत आले. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला ‘मेल्या’ सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आता सुरंगीचं सांगतो, कारण खरी गजाल तिचीच आहे.

सुरंगीचं फूल ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: झाड मोठं, पानं जाड, गडद हिरवी. फुलं देठाला झुपकेदार लागत नाहीत, ती फांदीलाच चिकटून येतात, अंगावर पुरळ यावं तशी. पांढरी पाकळी, आत पिवळाधम्मक केसरांचा गोंडा. कळी उमलायच्या आधी, सकाळी मधमाश्या यायच्या आत काढावी लागते. गजरा केला तर सुकल्यावरही वास जात नाही. आमच्याकडे बायका तो कपाटात साड्यांच्या घडीत ठेवतात. मावशीच्या घरात शिरलं की वर्षभर कुठल्या ना कुठल्या कपाटातून मार्च महिना येतो.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कसालच्या आतल्या बाजूला तिचं गाव. तिच्या परड्यात सुरंगीचं एक झाड आहे, तिच्या सासूच्याही आधीचं. या झाडावर तिच्या दिराचा डोळा होता. त्याने शेजारी काजूची कलमं लावली होती आणि सुरंगीच्या सावलीने ती रडत होती. “फुला काय खावक येतत?” हा त्याचा एकच प्रश्न. कटरवाला बोलावून झाड पाडायचं त्याने नक्की केलं होतं.

मी हे मॅडमना सांगितलं, खरं म्हणजे दिराचा आवाज काढून करमणूक म्हणून सांगितलं. पण मॅडम लगेच म्हणाल्या, “सुरंगीचं तेल काढून बघू या का?” अत्तरं, अगरबत्त्या करणारे एक गृहस्थ त्यांच्या ओळखीचे होते. तेल स्वच्छ निघालं तर ते घेणार, आणि घेतलं तर मॅडम दर हंगामात मावशीच्या झाडाची फुलं घेणार. हे मावशीने दिराला सांगितलं. तो म्हणाला, “बरा. रामनवमीपर्यंत थांबतंय. काय निघाला नाय, तर दुसऱ्या दिवशी कटरवालो येतलो.”

असं ते झाड आमच्या मशीनवर अवलंबून राहिलं.

पहिली पायरी सोपी होती. फुलं सिलिंडरसारख्या भांड्यात भरली, त्यातून तो दाबलेला, धड हवा नाही धड पाणी नाही असा गॅस फिरवला. त्याने फुलातलं विरघळणारं सगळं उचललं. पुढे दाब सोडला की गॅस उडून जातो आणि उचललेलं तळाशी पडतं. मला ही गोष्ट फार आवडायची. दाब वाढवला की त्याच्या अंगात जोर येतो, दाब काढला की हातातलं सगळं टाकून पळून जातो. आमच्या वर्गातले अर्धे पोरगे असेच होते.

तळाशी पडलं ते हळदीच्या रंगाचं मलम. वास होता, पण जड. त्यात मेण, रंग, परागातलं तेल असं सगळं सुवासाबरोबर आलं होतं. अत्तरवाल्यांना मेण नको होतं. तेव्हा दुसरी पायरी, वेगळं करण्याची.

त्यासाठी एक हातभर उंच स्टीलची नळी होती, कॉलम. तिच्यात सिलिकाचे पांढरे बारीक दाणे ठासून भरायचे. नळीच्या तोंडाशी मलम ठेवायचं आणि तोच गॅस त्यातून ढकलायचा. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. चहात बुडवलेला कडक बटर चहा पितो ते शोषण, आत घेणं. हे तसं नाही, हे दाण्याच्या अंगाला चिकटणं. कोणी जास्त चिकटतं, कोणी कमी.

“एकत्र आत गेलेले वेगवेगळे बाहेर कसे येतात?” मी विचारलं. मॅडमनी कागदावर काहीतरी काढलं. मला कळेना. मग माझं मलाच सुचलं, “कुणकेश्वरच्या जत्रेसारखं?”

“कसं?”

“समजा आम्ही सगळे एकाच गाडीतून उतरलो. दोन्हीकडे दुकानं. गर्दी सगळ्यांनाच पुढे ढकलतेय. तांडेलांना काहीच नको, ते सरळ चालत पलीकडे. मी खाज्याच्या दुकानाशी दोनदा थांबणार. आणि मावशी बांगड्यांशी चिकटली की चिकटली, तिला शेवटी ओढूनच काढावी लागते.”

मॅडमनी कागद चुरगळून टाकला. “हेच. सुवास म्हणजे तांडेल, मेण म्हणजे मावशी. आणि मावशीला ओढायला आपण शेवटी दाब वाढवायचा, थोडं अल्कोहोल घालायचं.”

तांडेल तिकडून म्हणाले, “अल्कोहोल घातलास तर तुझी मावशी सुटात, पन मी चिकटान.”

कॉलम चालवायच्या आदल्या दिवशी मॅडम कामासाठी ओरोसला गेल्या होत्या. सिलिका त्यांनी ओव्हनमध्ये तापवून, कोरडी करून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली होती. बरणीत एक छोटी जाळीदार पुडी होती, निळ्या खड्यांची. मला एवढंच सांगितलं होतं, “बरणी तयार आहे. उद्या सकाळी भरू.”

मावशी त्या दिवशी शेवटच्या फुलांची पिशवी घेऊन आली होती. हंगाम संपला होता. तिला आणि तांडेलांना एकच गोष्ट खटकत होती. एवढं मोठं काम, आणि गाऱ्हाणं घातलं नाही!

आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो, विहीर खणायची असो नाहीतर पोर परीक्षेला बसायचं असो, आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने उभं राहून देवाला सगळी हकीकत सांगायची, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या गावचे जे म्हातारे मानकरी गाऱ्हाणं घालतात त्यांचा आवाज मला चांगला येतो. खर्जातला, मधेच दम लागणारा, ‘म्हाराजा’वर फुटणारा. तेव्हा उभं राहायचं काम माझ्याकडे आलं.

केळीचं पान मांडलं. त्यावर मलमाची बाटली, रिकामा कॉलम, सिलिकाची बरणी, नारळ. मावशीने बरणीकडे बघितलं.

“मेल्या, देवाक कोण बंद डब्यातला दाखवता? उघड झाकाण.”

खरंच होतं. नैवेद्य कधी झाकून दाखवतात का? मी झाकण उघडलं. सिलिका तांदळाच्या बारीक कण्यांसारखी दिसत होती. बरणीत काही दिसेना म्हणून मी ती सरळ स्टीलच्या परातीत ओतली. पांढरीशुभ्र रास झाली. मावशी म्हणाली, “आता कसा बरा दिसता!” तिने त्यावर एक फूल ठेवलं.

मी आवाज लावला. “बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या तुझ्या लेकरांनी, जां पानी न्हय आनि वारो न्हय, असल्या कायच्यातरी बळार, सुरंगेचो वास वेगळो काढूचो बेत केलेलो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर मेण मागे रवांदे, वास फुडे जावंदे, आनि कटरवाल्याची वाट चुकांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मावशीचा आवाज यावेळी सगळ्यांत मोठा होता.

तांडेलांनी नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे पाणी शिंपडलं. पंपावर, नळीवर आणि परातीवर. परातीवर पाण्याचा थेंब पडला की तड तड असा बारीक आवाज आला. “बघा, देवान घेतल्यान!” मावशी म्हणाली. मग आम्ही खोबरं खाल्लं, जेवलो, मावशीला रिक्षात बसवलं. त्यानंतर मी सिलिका बरणीत भरली. पुडीतले खडे गुलाबी दिसत होते. मला वाटलं गुलाल उडाला असेल. छान दिसत होते, म्हणून ती पुडी मी खिशातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कॉलम भरला. पंप सुरू झाला, बरा पंप. दर थोड्या वेळाने आम्ही पलीकडून निघालेलं बोटाएवढ्या काचेच्या कुपीत धरायचो. एक, दोन, तीन, अशा बारा कुप्या. पहिल्या पाण्यासारख्या आणि शेवटच्या पिवळ्या दिसायला हव्या होत्या. बाराच्या बारा हळदीच्या पाण्यासारख्या. रांगेत उभ्या असलेल्या बारा बहिणी.

“सगळं एकत्रच आलं,” मॅडम पुटपुटल्या.

त्यांनी दाब कमी केला. तापमान बदललं. कुप्यांतलं सगळं परत एकत्र करून पुन्हा चढवलं. दर खेपेला थोडा सुवास गॅसबरोबर उडून जायचा आणि दर खेपेला तेच. चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाशी चमचाभर मलम उरलं होतं आणि रामनवमीला चार दिवस होते. झाडावर एक कळी नव्हती.

“सुरंगीचंच काहीतरी वेगळं असणार,” मॅडम म्हणाल्या. “तिचं मेण सिलिकाला चिकटतच नाही. मी उद्या संध्याकाळी अत्तरवाल्यांना कळवते, होत नाही म्हणून.”

मला ते पटेना. मेण चिकटत नाही? मग चार दिवस माझ्या बोटांना काय चिकटलं होतं? दुसरं, जायफळाच्या वेळी हीच नळी, हाच पंप, हीच सिलिका, आणि त्या कुप्या नीट एकापासून एक वेगळ्या आल्या होत्या. जत्रा तीच, रस्ता तोच, मग कोणीच दुकानाशी का थांबत नव्हतं? दुकानं बंद होती का?

घरी जेवताना आई मीठ वाढत होती. बरणी उलटी करून थोपटली तरी पडेना. “ह्यां मीठ मेला ओलसार झाला. तांदूळ घालूक व्हये,” ती म्हणाली. समुद्राकाठच्या घरात हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकू येतं. मी रोज ऐकतो. त्या दिवशी घास हातात तसाच राहिला.

सकाळी मी लवकर युनिटवर गेलो. मॅडमच्या कपाटात निळ्या खड्यांच्या नव्या पुड्यांचं बंद पाकीट होतं. त्यातली एक काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसलो. तांडेल आले.

“काय बघतंस?”

“ह्येचो रंग.”

“रंग बघूक पगार घेतंस?”

पण तेही शेजारी बसले. पहिला खडा कडेने जांभळा झाला. मग दुसरा. चहा होईपर्यंत अर्धी पुडी जांभळी, आणि दुपार व्हायच्या आत सगळी गुलाबी. आमच्या हवेतलं पाणी त्या खड्यांनी डोळ्यांदेखत घेतलं होतं. गाऱ्हाण्याच्या दिवशी बरणीतली पुडी गुलालाने लाल झाली नव्हती, आम्ही गुलाल आणलाच नव्हता! तासन्तास परातीत पसरलेल्या सिलिकाने हवेतलं पाणी घेतलं होतं, आणि वर तांडेलांनी नारळाचं शिंपडलं होतं. प्रत्येक दाण्याला पाणी आधीच चिकटून बसलेलं. प्रत्येक दुकानाच्या दारात गर्दी, मग मेणाने थांबायचं कुठं? ते आपलं सुवासाबरोबर सरळ चालत बाहेर.

कोडं सुटल्याचा मला इतका आनंद झाला की टाळी वाजवली. टाळी वाजल्यावर मग लक्षात आलं की परातीत कोणी ओतलं होतं. आणि झाकण काढ असं कोणी सांगितलं होतं. झाड जिचं, तिनेच.

आतल्या खोलीत मॅडम पत्र टाइप करत होत्या. मी दारात उभा राहिलो.

“मॅडम, सुरंगीची चूक नाही. सिलिका ओली होती. मी केली.”

त्यांनी वर न बघताच विचारलं, “हा कोणाचा आवाज?”

“कोणाचा नाही.”

मग त्यांनी वर बघितलं. मी गुलाबी पुडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फक्त झाकणाचं सांगताना मावशीचं नाव गाळलं. म्हटलं, मलाच वाटलं उघडावं.

“किती वेळ परातीत होती?”

“नारळ फोडल्यापासून मावशीची रिक्षा येईपर्यंत.”

“आणि वर पाणी शिंपडलंत?”

“थोडं. तीन वेळा.”

“तीन वेळा कशाला?”

“रीत आहे.”

मॅडमनी डोक्याला हात लावला. “चार दिवस,” त्या म्हणाल्या, “मी त्या बिचाऱ्या फुलाला शिव्या घालतेय. एका शब्दाने सांगता आलं नाही? रोज सतरा आवाज काढतोस!” माहीत नव्हतं हे खरं होतं, पण झाकण का लावतात हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि मी तर सगळ्यालाच का म्हणून विचारतो.

मग त्या उठल्या. पत्र तसंच अर्धवट राहिलं. “ओव्हन लाव. कॉलम उकर.”

सगळी सिलिका काढून टाकली आणि नव्या बरणीतली ओव्हनमध्ये घातली. संध्याकाळपर्यंत तापवली, बंद भांड्यात निळ्या पुड्यांसोबत गार केली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून ती नळीत भरली. चमचाभर मलम, शेवटचं. मावशीला मी बोलावून घेतलं होतं. झाडाचा निकाल लागायचा होता, तो तिने स्वतः बघावा असं वाटलं. तिला सिलिकाचंही सांगितलं. ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

“बाये, ह्यो खोटा बोलता. झाकाण उघड म्हणान मीच सांगितलंय. ह्येका काय बोला नको.”

“मग तुम्हाला बोलू?” मॅडम म्हणाल्या.

“माका बोल. माका सवय आसा. दीर बोलताच.”

पंप सुरू झाला. तांडेलांनी कान लावला, मान हलवली. पहिली कुपी आली. पाण्यासारखी. दुसरी, तीच. पाचवीपर्यंत रंग नाही. सहावीत साधारण लिंबू-पाण्याचा रंग आला. नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. मॅडमनी दाब वाढवला, अल्कोहोल सोडलं, आणि मग दहा, अकरा, बारा या कुप्या गडद पिवळ्या, बाराव्यात तर तळाशी मेणाचा ढग. मावशी बांगड्यांच्या दुकानातून निघाली होती.

आता प्रश्न वेगळाच होता. यातल्या कुठल्या कुप्या एकत्र केल्या की सुरंगी होते? तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, नमुना बाहेर पाठवायचा तर रामनवमी निघून जाणार. मॅडमनी कागदाच्या पट्ट्या बुडवून नाकाशी धरल्या. दुसरीचा वास घेऊन म्हणाल्या, “ही छान आहे.”

मावशीने पट्टी घेतली. “ह्यां साबणाचा. हाडाक नाय, मासाक नाय.”

मग ती एकेक पट्टी घेत गेली. पदराने नाक पुसायची, डोळे मिटायची.

“ही तिसरी... ही कळी. सकाळची, झाडार आसताना. ही चवथी गजऱ्याची, देवळात जाताना डोक्यार आसता ती. पाचवी...” तिने पट्टी परत नाकाशी नेली. “ही सासूच्या कपाटाची. सुकलेली.” सहावी हुंगून म्हणाली, “ही झाडाची साल. पन टाका नको. थोडी घाला.”

“त्यात थोडं मेण आहे,” मॅडम म्हणाल्या.

“असांदे. मेण नाय तर वास डोक्यार बसतलो कसो? उडान जातलो.”

मॅडमनी लिहून घेतलं. तीन, चार, पाच पूर्ण, सहावीतला थोडा भाग. मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आपण इतकी वर्षं ज्याला एक वास म्हणत होतो, त्यात सकाळ, देऊळ आणि कपाट हे वेगवेगळे राहत होते. नळीतून ते एकामागे एक बाहेर आले आणि मावशीने प्रत्येकाला ओळखलं. ती सातवी नापास आहे.

एकत्र केलेल्यातले चार थेंब कुपीत घालून मॅडमनी तिला दिलं. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गेली. बाकीचं अत्तरवाल्यांना रवाना झालं.

रामनवमीला सकाळी मी मावशीला फोन केला. अत्तरवाल्यांचं उत्तर अजून आलं नव्हतं, आणि दिराला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

“दाखवलंस?”

“दाखवलंय.”

“तुझो दीर काय म्हणालो?”

“वास घेतल्यान. परत घेतल्यान. मगे भायर जावन कटरवाल्याक फोन लायल्यान.”

“काय सांगितल्यान?”

“फांदी मारूक ये म्हणान. काजीच्या दिशेची एक.” मग ती म्हणाली, “झाड नको म्हणालो. आनि ती कुपी माझ्याकडे परत देवक नाय अजून.”

फांदी गेली. मावशी त्याच्यावरूनही पंधरा दिवस बोलली. अत्तरवाल्यांचं उत्तर आलं, त्यांना आणखी हवं होतं, आणि या वर्षी मार्चमध्ये झाडाखाली जुन्या साड्या पसरलेल्या मी स्वतः बघितल्या. दीर एका फांदीला शिडी लावून वर चढला होता आणि “फुला काय खावक येतत” असं न म्हणता कळ्या खाली टाकत होता. त्याचा तो नवा आवाज मी अजून बसवतोय.

याही वर्षी कॉलम चालवायच्या आदल्या दिवशी गाऱ्हाणं झालंच. मॅडम यावेळी ओरोसला गेल्या नाहीत, पानासमोरच उभ्या राहिल्या. नारळ बाहेर, रस्त्याच्या कडेला फोडला. बरणी पानावर होती, झाकण घट्ट, आत पुडी निळी. मावशी त्या झाकणाकडे बघून चुळबुळत होती. म्हणून मी आवाज लावल्यावर पहिलंच वाक्य तिच्यासाठी घातलं.

“बा देवा म्हाराजा! आत काय आसा तां तुका भायरनाच दिसता, तर ह्यां झाकाण आमी काढूक नाय, तां समजान घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मॅडम सगळ्यांच्या आधी म्हणाल्या.